८०९९ नंबरचं विमान शोधत ग्रेव्हनीच्या दलदलीत

आमचे बाबा ओझरला एचएएलमध्ये तेहतीस वर्षं होते, मिगच्या लाईनवर. रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी विमान दिसलं की ते आधी पाटी शोधतात. पाटी म्हणजे ती छोटीशी, रिव्हेट मारलेली, जिच्यावर पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि इन्स्पेक्शनचा शिक्का असतो. त्यामुळे यंदा उन्हाळ्यात ते आमच्याकडे लंडनला आले तेव्हा राजवाडा, तो मोठा पाळणा, नदीतली बोट हे सगळं दोन दिवसांत उरकलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना "आता काय?" सुरू झालं.

मी वर्षभर एका जर्मन बॉम्बरच्या मागे लागलोय, ते घाबरत घाबरतच सांगितलं. म्हटलं केंटमध्ये, समुद्राकाठच्या दलदलीत, २७ सप्टेंबर १९४० ला एक युंकर्स ८८ उतरलं होतं, पोटावर, जवळजवळ अख्खं. बाबांचा पहिला प्रश्न, "नंबर काय त्याचा?"

८०९९. झालं, माणूस तयार.

पहिला दिवस लंडनमधल्या क्यूचा. लोकांना क्यू म्हटलं की बाग आठवते, पण तिथेच नॅशनल आर्काइव्ह्ज, म्हणजे सरकारच्या जुन्या कागदपत्रांचं दफ्तर आहे आणि माझ्या मते बागेपेक्षा भारी आहे, शिवाय फुकट. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा दाखवून रीडर्स टिकीट काढायचं, आत फक्त पेन्सिल चालते. बाबांच्या खिशातला पेन लॉकरमध्ये ठेवायला लावला तर त्यांचा चेहरा असा झाला की जणू जानवं काढून मागितलं. पण नंतर फायली आल्या, त्यातला पिवळा पडलेला कागद, टाईपरायटरच्या रिबनचा निळा डाग, पेन्सिलने केलेल्या खुणा, आणि पुढचे तीन तास बाबा एक शब्द बोलले नाहीत.

आता हे काम नेमकं कसं चालतं ते सांगतो, कारण मलाही आधी वाटायचं की पडलेलं विमान ओळखायचं त्यात काय, शेपटीवर लिहिलेलंच असणार. लिहिलेलं असतंही. जर्मन बॉम्बरच्या अंगावर क्रॉसच्या डावीकडे दोन अक्षरं आणि उजवीकडे दोन. आपल्याच विमानाचं घ्या, ३झेड+ईएल. बाबांना म्हटलं, हे एमएच १५ सारखं आहे. ३झेड म्हणजे केजी ७७ ही बॉम्बर तुकडी, तो झाला जिल्हा. ई हे त्या एका विमानाचं अक्षर, आणि शेवटचं एल म्हणजे तिसरी स्टाफेल, स्टाफेल म्हणजे आपली स्क्वाड्रन समजा. तिसरीचा रंग पिवळा म्हणून ते ई पिवळं. बाबा म्हणाले, "बरं, म्हणजे आरटीओ पासिंग झालं. चॅसिस नंबर?" तर चॅसिस नंबर म्हणजे वेर्कनुम्मर, कारखान्याचा नंबर, तोच ८०९९.

आणि खरी ओळख पटते ती या चॅसिस नंबरावर, कारण पडलेली सगळीच विमानं काही अशी शहाण्यासारखी पोटावर उतरत नाहीत. त्या एका दिवसात एकट्या केजी ७७ ची १२ युंकर्स गेली. संरक्षणाला येणाऱ्या फायटर्सची गाठ नीट पडली नाही आणि हे बॉम्बर उघड्यावर सापडले. बारा विमानं, सगळ्यांवर ३झेड, सगळी एकाच दिवशी, आणि त्यातलं एखादं नाकावर जमिनीत घुसून जळालेलं असलं तर अक्षरं कुठली आणि रंग कुठला, हाताशी उरते ती इंजिनावरची पाटी, ती पण नशीब असेल तर. पडलेलं विमान बघायला ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या गुप्तचर खात्याची माणसं जायची, एआय १ जी नावाची शाखा, आणि नकाशावरची जागा, खुणा, पाट्यांवरचे नंबर, मशिनगनी किती, चिलखताचा पत्रा कुठे कुठे, हे सगळं लिहून आणायची. बाबा हळूच म्हणाले, "ही तर आपली इन्स्पेक्शनवाली माणसं."

माणसं ओळखायचं काम दुसऱ्या शाखेचं, एआय १ के. प्रत्येक जर्मन सैनिकाच्या गळ्यात एक अंडाकृती धातूचा बिल्ला असायचा, मध्ये भोकांची रेघ, माणूस मेला की अर्धा तोडून घ्यायचा आणि अर्धा त्याच्याबरोबर पुरायचा. त्यावर नाव नसायचं, नुसते आकडे! पण ते आकडे कुठल्या युनिटने दिलेत याच्या याद्या इंग्रजांनी कैद्यांकडून गोळा करत करत बनवल्या होत्या, म्हणजे माणूस तोंडातून एक अक्षर काढत नसला तरी बिल्ला बोलायचा. आणि जे थोडेफार बोलायचे त्यांच्यातल्या काहींना लंडनच्या उत्तरेला ट्रेंट पार्क नावाच्या बंगल्यात ठेवायचे, तिथे खोल्यांमध्ये लपवलेले मायक्रोफोन.

मग जर्मन बाजूचे कागद. लुफ्तवाफेचं, म्हणजे जर्मन हवाई दलाचं, बरंचसं दफ्तर १९४५ मध्ये त्यांनीच जाळलं, पण क्वार्टरमास्टर जनरलच्या नुकसानीच्या याद्या शिल्लक राहिल्या. तारीख, युनिट, विमानाचा प्रकार, वेर्कनुम्मर, नुकसान टक्क्यांत, आणि खाली माणसांची नावं. परत न आलेल्या विमानापुढे १०० टक्के आणि माणसांपुढे बेपत्ता. बस. त्यांना फक्त गेलं एवढंच माहीत, कुठे ते माहीत नाही. इंग्रजांना कुठे ते माहीत, कोणाचं ते माहीत नाही. दोन्ही याद्यांमध्ये सारखी असणारी गोष्ट म्हणजे तो कारखान्याचा नंबर, तो जुळला की दोन देशांचे कागद एकमेकांना चिकटतात. ८०९९ जुळतो आणि पायलट म्हणून नाव येतं उंटरऑफिझियर (हा हुद्दा) फ्रित्झ रूलांट, बरोबर तिघे, त्यातले दोघे आडनावाने रिश्टर. एक गोटहार्ड, एक एर्विन. आता नुसतं "रिश्टर, जखमी" असा कागद हाती आला तर काय डोकं फुटेल बघा. आमच्या शाळेत एका वर्गात तीन संदीप पाटील होते तसं.

पायलटांच्या कॉम्बॅट रिपोर्टवर मात्र जपूनच विश्वास ठेवायचा. एकाच विमानावर तीन जण गोळ्या झाडतात आणि तिघेही "मी पाडलं" लिहितात, कोणी खोटं बोलत नसतं. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ पाडल्याचं जाहीर केलं होतं, प्रत्यक्षात जर्मनांची गेली साधारण ६०. "मार्च एंडिंगचे आकडे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष जागा. सेंट पँक्रासहून फॅव्हरशॅम, फास्ट गाडीने तासाभराच्या जरा वर, तिथून टॅक्सीने ग्रेव्हनी. टॅक्सीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला तिकडे बघण्यासारखं काही नाही, आणि खरं सांगायचं तर बरोबरच होतं. सपाट गवत, मेंढ्या, समुद्र आत येऊ नये म्हणून घातलेला लांबलचक बांध, पलीकडे स्वेलची खाडी आणि शेपी बेट, आणि अलीकडे आता हा अवाढव्य सोलर प्रकल्प झालाय, ३७३ मेगावॉटचा. पॅनल असे बुटके आणि जवळजवळ की लांबून शेडनेटची शेतीच वाटते. वारा मात्र असा की बाबांची माकडटोपी पिशवीतून बाहेर आलीच, जुलै महिन्यात.

बांधावर बसून डब्यातले पराठे खाता खाता गोष्ट सांगितली. विमानाचं एक इंजिन लंडनवर तोफांनी निकामी केलं, मग फायटर्सनी गाठून दुसरंही घालवलं आणि रूलांटने ते इथे चिखलात टेकवलं. जवळच सीसॉल्टरच्या स्पोर्ट्समन नावाच्या पबमध्ये लंडन आयरिश रायफल्स या ब्रिटिश पायदळाच्या पलटणीचे सैनिक मुक्कामाला होते, ते धावले. जर्मनांनी विमानातली मशिनगन चालवली, मग सैनिकांनी शस्त्रं आणून उत्तर दिलं, काही जण पाण्याच्या चरातून सरपटत ५० यार्डांपर्यंत गेले. शेवटी चौघे शरण आले, एकाच्या पायाला गोळी लागलेली, मेलं कोणीच नाही. मग कैद्यांपैकी एक जण जर्मनमध्ये बोलला की विमान आता कधीही स्फोटाने उडेल. ते कॅप्टन जॉन कँटोफरला समजलं, तो परत पळत गेला, पंखाखालचा स्फोटक चार्ज उपटला आणि चरात फेकला. त्याला जॉर्ज मेडल मिळालं. विमान जेमतेम दोन आठवड्यांचं, त्यात नवीन बॉम्बसाईट, म्हणजे बॉम्बचा नेम धरायचं यंत्र, ते सगळं तपासायला फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात गेलं.

याला ब्रिटनच्या भूमीवरची शेवटची लढाई वगैरे म्हणतात, १७९७ मध्ये फिशगार्डला फ्रेंच उतरले होते त्यानंतरची. मला हे जरा जास्तच वाटतं. चार माणसं आणि एक मोडलेलं विमान, याला लढाई म्हणायचं तर आमच्या सोसायटीची पार्किंगची मीटिंग पण पानिपत. पण बाबांना ते पटलं नाही. ते उठले, बांधाखाली उतरले आणि चराच्या कडेने मोजून पावलं टाकायला लागले, साठ पावलं. मग तिथे उकिडवे बसून ओरडले, "अरे, दिसतोय का मी?"

गवत गुडघ्याएवढं. माकडटोपीचा गोंडा दिसत होता.

"टोपी दिसतेय!"

"मग बघ," म्हणाले, "इथून मशिनगनसमोर डोकं वर काढायचं." परत आले तेव्हा बूट घोट्यापर्यंत राखाडी चिखलाने भरलेले, तो चिखल म्हणजे ओली शाडू, वाळल्यावरच निघतो. बाकी काही सापडलं नाही आणि सापडलं असतं तरी उचलता आलं नसतं, १९८६ च्या कायद्याने पडलेल्या लष्करी विमानांच्या जागा इथे संरक्षित आहेत, परवानगीशिवाय खणायचं नाही.

मग बांधावरून चालत स्पोर्ट्समन. आता तिथे मिशेलिन स्टार आहे, जेवायला टेबल आधी बुक करावं लागतं, ते मी केलं नव्हतं, चूक माझीच. पण काउंटरवर उभं राहून काहीतरी प्यायला हरकत नव्हती. बाबांनी पिशव्या मागून बुटांवर चढवल्या आणि मग आत आले, मी जमिनीकडे बघत उभा. २०१० मध्ये, ७० वर्षं झाली तेव्हा, लंडन आयरिशच्या मंडळींनी इथे त्या दिवसाच्या आठवणीची पाटी लावली. पाटी म्हटल्यावर बाबांनी चष्मा काढला, पुसला, आणि अक्षरांच्या आधी स्क्रू बघितले.

मी हाफ पाइंट घेतली, बाबा पीत नाहीत, त्यांनी लाईम सोडा. त्यांना सांगितलं की पकडल्यावर त्या चौघा जर्मनांना सैनिकांनी याच पबमध्ये आणलं आणि त्यांच्याबरोबर बियर प्यायले. अर्ध्या तासापूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

बाबा बराच वेळ ग्लासातला बर्फ हलवत बसले. मला वाटलं आता काहीतरी युद्ध, माणुसकी वगैरे येणार.

"पैसे कोणी दिले?"

"कसले?"

"बियरचे. चार कैदी, सरकारी ताब्यातले. म्हणजे खर्च कंपनीच्या नावावर पडला असणार. व्हाउचर असेल की कुठेतरी, आर्मी आहे ती."

क्यूची रीडिंग रूम सोमवारी बंद असते. मंगळवारी परत जातोय, दोघंही.