आमच्या घरात शुगर नाही

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. लग्नाची बोलणी असोत की दवाखान्यातला केसपेपर, आई ठासून सांगायची, "आमच्या घरात शुगर नाही." गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये दादाला, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसूनही आई तेच म्हणत होती, "पण त्याला शुगर नाही हो, डॉक्टर."

दादाचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. तंबाखू नाही, सिगारेट नाही, अंगाने सडपातळ. फक्त पोट तेवढं पुढे आलेलं. त्या रात्री जेवल्यावर छातीत जळजळ सुरू झाली. पित्त समजून त्याने सोडा घेतला, गोळी घेतली, बाल्कनीत येरझाऱ्या घातल्या. पहाटे दरदरून घाम फुटला तेव्हा वहिनींनी शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली. चार-पाच तास हातचे गेले होते. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, दादा वाचला. घरी सोडताना तिथले डॉक्टर म्हणाले, "सख्ख्या भावंडांनी तपासण्या करून घ्या." वहिनींनी मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंच भावंडं.

मी कोल्हापुरात हायस्कूलला गणित शिकवते. वय पंचेचाळीस, उंची १५७ सेंटिमीटर, तेव्हा वजन ५८ किलो. मला कुणी जाड म्हटलेलं नाही. तपासण्या केल्या आणि रिपोर्ट घेऊन आमच्या नेहमीच्या एका दवाखान्यात गेले. उपाशीपोटी साखर ९४, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ५.५, एकूण कोलेस्टेरॉल १९६. एवढं पाहून रिपोर्ट परत माझ्या हातात आला. "शुगर नॉर्मल, कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत. काही काळजी करू नका." मी विचारलं, "पण भावाला अटॅक आलाय." उत्तर आलं, "त्याला कामाचं टेन्शन असेल." या गोष्टीचा राग मला अजूनही येतो. त्याच कागदावर खाली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, १९८ आणि एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, ३८ हे दोन आकडे होते. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. तोवर मीही पाहिलं नव्हतं.

घरी येऊन कपाटातली फाइल काढली. शाळेच्या आरोग्य तपासणीचे जुने रिपोर्ट होते, सहा वर्षांचे. वहीत एकाखाली एक मांडले. ट्रायग्लिसराइड्स १४८, मग १७१, मग १९८. एचडीएल ४६, मग ४१, मग ३८. साखर सगळीकडे नव्वदीच्या आसपास. एक रेघ सरळ चाललेली, दुसरी चढत गेलेली, तिसरी उतरत आलेली. वर्गात मुलांना आलेख शिकवणारी मी, आणि माझाच आलेख सहा वर्षं कपाटात पडून होता.

मग एका ओळखीच्या शिक्षिकेने सुचवलेल्या फिजिशियनकडे गेले. या बाईंनी आधी माझी वही मागून घेतली. नंतर खणातून टेप काढला. मी ड्रेस शिवायला देताना सांगते ते माप सांगितलं, तर म्हणाल्या, "ते नको. नाडी बांधता तिथलंही नको." शेवटच्या बरगडीचं खालचं टोक आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा, या दोहोंच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. ८६ सेंटिमीटर भरलं. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८० ची, पुरुषांसाठी ९० ची.

एका कागदावर त्यांनी पाच गोष्टी लिहिल्या: पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त, एचडीएल बाईचं ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. पाचांपैकी तीन असतील तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. माझ्या पहिल्या तिन्हींवर खूण झाली. साखर आणि रक्तदाब दोन्ही मर्यादेत, तरीही तीन. एचडीएलचं तर मला तेव्हाच कळलं. लॅबच्या छापील कागदावर खालची मर्यादा बऱ्याचदा सरसकट ४० लिहिलेली असते. ती पुरुषांची. म्हणजे सहा वर्षांपूर्वीचं माझं ४६ सुद्धा कमीच होतं, फक्त ठळक अक्षरात आलं नव्हतं.

"मग शुगर नॉर्मल कशी?" हा माझा खरा प्रश्न होता. त्यांनी तो समजावून सांगितला, तसा मला आधी कुणीच सांगितला नव्हता. जेवणातली साखर रक्तातून स्नायूंत पोचवायला इन्सुलिन लागतं. स्नायू इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. साखर आटोक्यात राहते ती त्यामुळे. असं कित्येक वर्षं चालू शकतं. स्वादुपिंड किती राबतंय हे साखरेच्या आकड्यात दिसत नाही. पण या काळात यकृतात चरबी साठते, यकृत ट्रायग्लिसराइड्स भरलेले कण रक्तात सोडत राहतं, एचडीएल घटतं, आणि एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण लहान आणि संख्येने जास्त होतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरणारे ते हेच कण. साखर वाढायची वाट न पाहता तिथे काम सुरू झालेलं असतं. माझ्या सोनोग्राफीतही फॅटी लिव्हर, ग्रेड एक, निघालं.

मी मध्येच विचारलं, उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासू का? त्यांनी नको म्हटलं. प्रत्येक लॅबचे आकडे वेगळे येतात, आणि ट्रायग्लिसराइड्स वर, एचडीएल खाली, पोट पुढे, एवढ्यावरून कळायचं ते कळलंय. त्यापेक्षा एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, म्हणाल्या. १९६ वजा ३८, म्हणजे १५८. हे नॉन-एचडीएल. त्रास देणारे सगळे कण यात येतात, वेगळे पैसे पडत नाहीत. दोनशेच्या आत म्हणून ज्या आकड्यावर मला घरी पाठवलं होतं, तो खरं तर एचडीएल कमी असल्यामुळेच चांगला दिसत होता.

आपल्या लोकांत हे इतकं का, हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी वाचत गेले. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तो फोटो पाहताना मला दादाच दिसला. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर याज्ञिकांच्या गटाने केलेलं कामही वाचलं: आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी जन्मतात, पण कमी भरतो तो स्नायू, चरबी त्या मानाने टिकून असते. म्हणजे वजनकाट्याने आम्हा बहीण-भावांना कधी सावध केलंच नसतं. त्याच वर्षी आलेल्या, ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचा ९० टक्क्यांहून अधिक धोका नऊ गोष्टींवर उभा असल्याचं दिसलं. मधुमेह ही त्या नवांतली एक. उरलेल्या आठांबद्दल आमच्या घरात कधी चकार शब्द निघाला नव्हता. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी येतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं.

पुढची तपासणी लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच रक्तवाहिन्यांना त्रास देणारा एक कण. हे बहुतांशी जन्मजात ठरलेलं असतं, खाण्यापिण्याने फारसं हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा केलं तरी साधारण पुरतं. ५० मिलिग्रॅमच्या वर जास्त धरतात. माझं ७२. दादाचंही करून घेतलं, तर ९४. दादाने फोनवर नुसतं विचारलं, "म्हणजे हे आण्णांकडनं आलं असंल?" आमचे वडील एकावन्नाव्या वर्षी शेतात बसल्या जागी गेले. तेव्हा लोक म्हणाले, ऊन लागलं. आता ते कळायचा मार्ग नाही. त्यांनाही शुगर नव्हती.

कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुरू करायची की नाही, यावर मी महिनाभर अडले. स्टाफरूममध्ये प्रत्येकीचं एक मत. एकदा धरली की सुटत नाही, लिव्हर जातं, गोळीनेच शुगर होते. शेवटी डॉक्टरीण बाई म्हणाल्या, कॅल्शियम स्कोअर काढू, म्हणजे तुमचंही समाधान होईल. हा सीटी स्कॅन साधा असतो. इंजेक्शन नाही, औषध नाही. छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावल्या, टेबल आत गेलं, श्वास रोखायला सांगितला, काही मिनिटांत बाहेर. हृदयाच्या धमन्यांत साठलेला चुना त्यात मोजतात. शून्य आला तर उत्तम, शंभराच्या वर गेला तर औषधाला टाळाटाळ नको. माझा आला ११. मला वाटलं, शंभरातले अकरा, फार नाही. पण पाळी चालू असलेल्या पंचेचाळिशीच्या बाईत तो शून्यच असायला हवा, आणि शून्य आला तरी मऊ थर यात दिसत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी रोझुव्हास्टॅटिन १० ही स्टॅटिनची गोळी सुरू केली.

सुरू करण्याआधी त्यांनी मूल होऊ देण्याचा विचार आहे का विचारलं, कारण तेव्हा ही गोळी सहसा बंद ठेवतात. शुगरबद्दलची भीती खोटी नाही, हेही सांगितलं. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता थोडी वाढते, मुख्यतः जे आधीच काठावर आहेत त्यांची. पण माझ्यासारखीला होणारा फायदा त्याहून मोठा, आणि एचबीएवनसी दरवर्षी पाहायचं. पहिले दोन आठवडे पोटऱ्या दुखल्या, मग थांबल्या. लिव्हरची तपासणी सहा आठवड्यांनी केली, ठीक आली.

गोळी एलडीएल उतरवते. पोट आणि ट्रायग्लिसराइड्स माझे मलाच उतरवायचे होते, आणि सगळ्यात अवघड गेलं ते गुळाचं. आम्ही कोल्हापूरची माणसं. साखर वाईट पण गूळ चांगला, हे आमच्या रक्तात. दिवसाला चार कप गुळाचा चहा, जेवणानंतर खडा, शिवाय चपातीबरोबर गूळ-तूप. गुळातही मुख्यतः साखरच असते, तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज, आणि तो मुख्यतः यकृताकडे जातो, जादा झाला की तिथे त्याची चरबी होते, हे कळल्यावर मी आधी चहा बिनगुळाचा केला. तीन आठवडे तोंड वाकडं झालं. मग सवय झाली. संकष्टीचा उपवास सोडला नाही, पण साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा सोडला. भगर थोडी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. आईला पहिल्यांदा वाईट वाटलं. रात्रीचं जेवण साडेनऊचं साडेसातवर आणलं. ज्वारीची भाकरी चांगली म्हणून मी तीन खात होते, आता एक, आणि ताटात मटकीची नाहीतर मुगाची उसळ दुप्पट. रविवारचं मटण आहे, तांबडा रस्सा आहे. भाताचा ढीग नाही.

चालणं रंकाळ्यावर, सकाळी पाऊण तास. पण नुसतं चालून चालणार नाही, स्नायू वाढवा, त्यांनाच साखर वापरायची असते, असं डॉक्टरीण बाईंचं म्हणणं. जिममध्ये जायचं धाडस झालं नाही. घरातच खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या. आठवड्यातून तीन दिवस. याचा फरक मला आकड्यांआधी जिन्यात कळला. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचल्यावर फळ्यावर लिहायला लगेच हात उचलता यायला लागला.

सहा महिन्यांनी तपासलं. घेर ८१, वजन ५५. ट्रायग्लिसराइड्स १३२, एचडीएल ४२, एलडीएल ११८ वरून ६६. नॉन-एचडीएल ९२. एचबीएवनसी ५.४. एचडीएल अजून पन्नाशीच्या खाली आहे, घेर ८० च्या वर. लायपोप्रोटीन-ए पुन्हा केलंच नाही. बाई म्हणाल्या, ते बदलणार नाही, म्हणून बाकीचं सगळं जितकं खाली ठेवता येईल तितकं ठेवायचं.

दादाही सुधारतोय. मागावर पूर्ण वेळ उभा राहतो, दुपारी जेवून कारखान्याच्या आवारात पंधरा मिनिटं फेऱ्या मारतो. त्याचा मुलगा एकवीस वर्षांचा आहे, बारीक, पोटापाशी जरा सैल. दिवाळीत मी विषय काढला तेव्हा आई लगेच म्हणाली, "त्या लेकराला कशाला सुया? आपल्यात शुगर नाही." कुणी काही बोललं नाही. दादा उठला, आतून टेप घेऊन आला आणि आईसमोर ठेवला. वहिनींनी पोराला उभं केलं आणि मला विचारलं, "ताई, नाडीवर लावायचा का वर?" मी त्यांचा हात धरून बरगडीचं टोक दाखवलं. ८८ भरलं. त्याची रक्ततपासणी सोमवारी झाली. लायपोप्रोटीन-ए ८१.