माँट्रियलमधला १ जुलै: वाढदिवस आणि बिऱ्हाड

१ जुलै म्हणजे आपल्याकडे कृषिदिन आणि डॉक्टर्स डे. कॅनडात राष्ट्रीय सुट्टी, कारण १८६७ मध्ये याच तारखेला हा देश आकाराला आला. माँट्रियलमध्ये मात्र या दिवशी झेंड्यांपेक्षा ट्रक जास्त दिसतात. माँट्रियल ज्या फ्रेंचभाषक प्रांतात आहे, त्या क्युबेकचा स्वतःचा मोठा सण २४ जूनलाच होऊन गेलेला असतो, आणि १ जुलैला इथली हजारो बिऱ्हाडं एकदमच हलतात. माझा वाढदिवस नेमका याच तारखेला येतो. यंदा आमचंही बिऱ्हाड हललं.

सगळ्यांनी एकाच दिवशी घर का बदलायचं, असं आईनेही विचारलं. इथले बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात. पूर्वी घरं १ मेला बदलायची. पण तेव्हा शाळा चालू असायच्या, मुलांचं वर्ष मध्येच मोडायचं, म्हणून १९७० च्या दशकात कायदा बदलला आणि हा सगळा व्यवहार जुलैवर आला. आज कुणाला या तारखेची सक्ती नाही, तरी शहर ती सोडायला तयार नाही. त्यामुळे एक साखळीच तयार होते. आधीचा भाडेकरू निघाल्याशिवाय तुम्हाला नव्या घरात पाय ठेवता येत नाही, आणि तुमच्या दारात तुमच्यानंतरचा सामान घेऊन उभा असतो. ट्रक महिनोन् महिने आधी सांगून ठेवावे लागतात, दरही चढलेले असतात. बरेच जण मित्रांनाच बोलावतात आणि पिझ्झा-बिअर खाऊ घालतात.

इकडे शिकायला येणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. क्युबेकमध्ये घरमालकाला डिपॉझिट मागता येत नाही. पहिल्या महिन्याचं भाडं तेवढं तो आगाऊ घेऊ शकतो. नवखा माणूस दिसला की कुणी कुणी तरीही मागून बघतात. शांतपणे नाही म्हणा, कायदा तुमच्या बाजूने आहे. घरांचा हिशोबही इथे वेगळा असतो. खोल्या मोजायच्या आणि बाथरूम अर्धी धरायची. म्हणजे साडेतीन म्हटलं की आपला वन बीएचके समजा. आणखी एक, बऱ्याच घरांत फ्रिज आणि शेगडी नसते. त्या ज्याच्या त्याने आणायच्या आणि जाताना घेऊन जायच्या.

आमचा फ्रिज शहराच्या प्लॅटो या भागातल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. माँट्रियलचे फोटो पाहिले असतील तर घरांच्या दर्शनी बाजूचे ते लोखंडी, वळणदार जिने आठवतील. आतली जागा वाचावी म्हणून जिना बाहेर काढलेला. बघायला फार सुंदर. पण त्या वळणावरून फ्रिज उतरवायचा म्हणजे चार माणसांचा एक जीव व्हावा लागतो. माझ्या ऑफिसातले दोघे क्युबेकी सहकारी आले होते. त्यांनी फ्रिजला जुनी गोधडी गुंडाळली आणि वरून जाड पट्टे आवळले. एक जण खाली पाठमोरा, खांद्यावर सगळा भार घेतलेला. नवरा वरून पट्टा धरून. प्रत्येक पायरीला कुणीतरी फ्रेंचमध्ये ‘थांब’ ओरडायचं, मग सगळे थांबायचे, कठड्यात अडकलेला कोपरा बोटभर तिरका करायचे आणि पुढची पायरी. मी खालून पायऱ्या सांगत होते.

फ्रिज फुटपाथला टेकला आणि नवऱ्याने न राहवून सांगून टाकलं, की आज हिचा वाढदिवस आहे. क्युबेकमध्ये वाढदिवसाला स्वतःचं एक फ्रेंच गाणं म्हणतात, त्यात ज्याचा वाढदिवस त्याचं नाव घालतात. त्या दोघांनी घामाघूम अवस्थेत ते तिथेच सुरू केलं. तळमजल्यावरच्या आजी बाल्कनीतून त्यांच्या सुरात सूर मिसळायला लागल्या. समोर सोफा उचलून चाललेले दोन अनोळखी तरुण थांबले, सोफा खाली ठेवला आणि माझं नाव विचारून तेही गायले. मला रडू आलं. इतक्या वर्षांत कुठल्याच केकपुढे आलं नव्हतं.

त्याआधी सकाळी दहा वाजता आईचा फोन येऊन गेला होता. सांगलीत तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले, देवापाशी दिवा लागलेला. माझं सगळं स्वयंपाकघर खोक्यांत बंद होतं. “पूर्वेकडे तोंड करून बस गं,” ती म्हणाली. मी ‘डाळी’ लिहिलेल्या खोक्यावर बसले आणि फोन खिडकीत उभा केला. तिने तबकात सुपारी, अंगठी, अक्षता, निरांजन असं सगळं मांडलं होतं. तिकडून तिने मला ओवाळलं, पडद्यावर अक्षता टाकल्या. मग लगेच पुढचा प्रश्न, “देव कुठल्या खोक्यात ठेवलेस?” देव खोक्यात नव्हतेच. ते माझ्या पर्समध्ये होते, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले. ते ट्रकमधून न्यायला माझा जीव धजत नव्हता.

नवं घर व्हिलरे या भागात, जाँ-तालों मंडईच्या जवळ, आणि तळमजल्यावर. आधीचं कुटुंब निघता निघता दुपारचे तीन वाजले. दारात उभं राहून वाट बघताना त्यांच्या मुलाला मी मंडईतल्या स्ट्रॉबेरी दिल्या. क्युबेकच्या स्ट्रॉबेरी याच दिवसांत येतात. लहान, पार आतपर्यंत लाल. यंदा केक नव्हता, त्याच आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. घरात गेल्यावर आधी ओट्यावर देव ठेवले, मग शेगडी जोडून दूध उतू जाऊ दिलं. धुराचा अलार्म वाजेल म्हणून नवरा हातात टॉवेल घेऊन खालीच उभा होता.

रात्री आईला घर दाखवलं, तेव्हा तिथे पहाट झाली होती. जिना चढायचा नाही याचा तिला फार आनंद झाला. “पुढच्या वाढदिवसाला पुन्हा हेच का?” तिने विचारलं. नाही. इथे वर्षाचा करार आपोआप पुढे चालू राहतो. घर सोडायचं असेल तरच तीन ते सहा महिने आधी लेखी कळवावं लागतं, आणि आम्ही असं काही कळवणार नाही. पण ऑफिसातल्या त्या दोघांपैकी एकाचा करार पुढच्या जूनमध्ये संपतोय. त्याचा फ्रिज दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि १ जुलैला सकाळी आठ वाजता आम्ही दोघं त्याच्याकडे असू, असं सांगून ठेवलंय.