बांगड्याचा ब

म माशाचा. यात चुकण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं.

एका प्रकाशकासाठी मी मुळाक्षरांचं चित्रपुस्तक करत होते. अक्षरांसाठी वस्तू किनारपट्टीवरच्या मुलांच्या ओळखीच्या घ्यायच्या, एवढं ठरलेलं होतं. म्हणजे जुन्या तक्त्यातला म मगरीचा गेला, ख खटाऱ्याचा गेला. ई ईडलिंबाचा काढताना मला थोडं वाईट वाटलं. ईडलिंबू मी आजवर हातात धरलेलं नाही. ते मला माहीत आहे ते तक्त्यातल्या चित्रातूनच: पिवळं, फुगीर, देठापाशी दोन पानं. चाळीस वर्षं तेवढ्यावर माझं भागलंय.

भांडण होतं ते चित्रांच्या पद्धतीवरून. मला जाड काळी रेघ आणि सपाट रंग हवे होते. संपादकांना जलरंगातली अगदी खरीखुरी चित्रं हवी होती, आणि त्यांच्याकडे आधारही होता. ज्युडी डेलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2008 सालचा अभ्यास आहे: पुस्तकातल्या चित्रावरून शिकलेलं नाव खऱ्या वस्तूला लावणं लहान मुलांना फोटोसारख्या चित्रांतून जास्त जमलं. मी म्हटलं, ती मुलं पंधरा आणि अठरा महिन्यांची होती, आपली पहिलीतली आहेत. ते म्हणाले, मग दोन्ही प्रकारे बारा-बारा कार्डं करा आणि मुलांनाच विचारा.

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठलेली, मालवणच्या बाजारात बांगडा आलेला. मी अर्धा डझन घेतले, एक ताटलीत ठेवला आणि दोन दिवस तोच रंगवत बसले. दुसऱ्या दिवशी घरात बसवेना इतका वास, पण चित्र झकास उतरलं. पाठीवरचे निळसर-हिरवे पट्टे, पोटाची चंदेरी चमक, कल्ल्यामागचा तो काळा ठिपका. खरं सांगायचं तर ते कार्ड हातात घेतल्यावर मलाच वाटायला लागलं की संपादकांचं बरोबर असावं.

शाळा देवबागच्या वाटेवरची, जिल्हा परिषदेची. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी जमीन आणि त्यावर पहिलीची अकरा मुलं. गुरुजींनी सगळ्यांना बस्करांवर गोल बसवलं. मी कार्डाच्या कोपऱ्यातलं अक्षर अंगठ्याखाली झाकलं आणि जलरंगातला मासा पुढे धरला.

‘‘काय आहे हे?’’

‘‘बांगडो!’’ अकराच्या अकरा जण.

‘‘छान. मग अक्षर कुठलं?’’

‘‘ब!’’

मी अंगठा काढला. खाली म. मुलं आधी माझ्याकडे आणि मग गुरुजींकडे बघायला लागली. पुढे बसलेल्या एका मुलीने कार्ड हातातून घेतलं, नाकाशी धरून नीट तपासलं आणि समजूत काढल्यासारखं म्हणाली, ‘‘बाई, हो बांगडो आसा. म चुकलो.’’

मी म्हटलं, अगं पण बांगडा मासाच असतो ना? असतो की. पण त्या घरांत ‘आज मासा आणलाय’ असं कोण म्हणतं? पेडवे येतात, तारली येते, मोरी येते, इसवण आली तर आनंद. मी तो बांगडा इतका बांगड्यासारखा काढला होता की त्यात ‘मासा’ म्हणायला जागाच उरली नव्हती. मागून गुरुजी म्हणाले, ‘‘कोळ्यांच्या पोरांपुढे बांगडा रंगवून आणलात, आता भोगा.’’

मग दुसरं कार्ड. एक लांबट अंडाकृती, शेपटीचा त्रिकोण, मोठा गोल डोळा, अंगावर तीन कमानी. रंग केशरी.

‘‘मासो!’’ आणि लगेच, ‘‘म!’’

एका मुलाला ते पटेना. ‘‘खंयचो मासो?’’ तो म्हणाला. असा केशरी मासा त्याच्या बापाच्या जाळ्यात कधी आला नव्हता. दोघा-तिघांत वाद झाला. शेवटी त्या पुढच्या मुलीनेच निकाल दिला, ‘‘चित्रातलो.’’ आणि तो मुलगा गप्प बसला, म्हणजे खरोखरच त्याचं समाधान झालं.

तो मासा मी सावंतवाडीच्या राजवाड्यात शिकले. तिथे आजही गंजिफा रंगवतात, गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, सगळी मिळून 120. मत्स्याच्या पानांवर राजा आणि प्रधान सोडले तर एक ते दहा मासे. तळहातापेक्षा लहान गोलात दहा मासे बसवायचे आणि खेळणाऱ्याला क्षणात कळले पाहिजेत. तिथे खवले मोजत बसायला कुणाला वेळ असणार? लाकडी ठशांचंही तेच. इंग्लंडच्या विल्यम निकल्सनने 1898 साली वुडकटमध्ये अख्खी इंग्रजी मुळाक्षरं केली. ए म्हणजे आर्टिस्ट, तिथे त्याने स्वतःलाच बसवलं. लाकूड कोरताना बारीकसारीक सगळं आपोआप गळतं, उरतात काळे मोठे आकार, आणि मुलांची नजर तिथेच अडकते. चित्रं दाखवत गोष्ट सांगायची ती पिंगुळीची चित्रकथी, तिच्यातले मोठे डोळेही याच घरातले.

इथपर्यंत मी जिंकत होते. संपादकांना काय लिहायचं त्याची वाक्यंसुद्धा मनात जुळवायला लागले होते. मग मी न नारळाचा काढला.

या कार्डावर मी झाड काढलं होतं. वाकडं बारीक खोड, त्यावर आडव्या रेघा, वर पंख्यासारखी पाच पानं, खाली तीन तपकिरी गोळे. माझ्या मते सगळ्या संचातलं सगळ्यात देखणं चित्र.

‘‘माड,’’ मुलं म्हणाली. ‘‘म.’’

म्हणजे मासा ब आणि नारळ म. गुरुजी हसून खिडकीबाहेर बघायला लागले. पण खरी फजिती पुढेच होती. मघाचाच, ‘खंयचो’ विचारणारा मुलगा उठून कार्डाजवळ आला आणि खोडावरून बोट फिरवत म्हणाला, ‘‘ह्येच्यार चढतले कशे?’’

मग सगळेच तुटून पडले. खाचा नाहीत. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, नाही. चुडतं, म्हणजे झावळ्या, खाली लोंबत नाहीत. नारळ असे सुटे तीन लागतात होय? शाळेच्या कुंपणाला सात माड होते आणि माझं चित्र त्यातल्या एकासारखंही नव्हतं. ते कुणासारखं होतं ते मला चांगलं माहीत होतं: हॉटेलांच्या पाट्या, टी-शर्ट, वाळूतलं एकटं झाड. मासा सोपा करण्याआधी मी चाळीस-पन्नास मासे काढून बघितले होते. माड एकही न बघता सोपा केला होता, दुसऱ्यांनी सोपे केलेले माड बघून. कुडाळात राहून, घरामागे तीन माड असून. शैली म्हणून मी जे मिरवत होते तो निम्मा आळस होता.

मधल्या सुट्टीत त्या मुलाने मला पाटीवर माड काढून दिला. सरळ उभी रेघ, तिला डाव्या-उजव्या बाजूंनी दातांसारख्या खाचा, वर झिपऱ्या, झिपऱ्यांखाली घोस. आणि खोडाच्या मध्यावर, कोयता कमरेला लावलेला एक ठिपक्याएवढा माणूस. जलरंगाचा मागमूस नाही, पण चढता येईल असा माड. त्याचा मी फोटो काढून घेतला. पुस्तकात म्हणून झाड ठेवलंच नाही; नुसता सोललेला नारळ काढला, तीन डोळ्यांचा. त्याला सोपा करायला माझी गरजच नव्हती, त्याचा चेहरा तयारच होता.

संपादकांनी केशरी मासा मान्य केला. जलरंगातला बांगडा मुखपृष्ठावर घेऊ म्हणाले, पण तो माझ्याकडे नव्हता. शाळा सुटताना ती मुलगी कार्ड सोडेना. ‘‘आवशीक दाखवतलंय,’’ म्हणाली, म्हणजे आईला. मी म्हटलं, ‘‘ने.’’ दोन पावलं जाऊन ती परत आली, कार्ड माझ्यापुढे धरलं आणि कोपऱ्यातल्या म वर बोट ठेवून उभी राहिली. मी पेन काढलं, म खोडला आणि शेजारी ब लिहून दिला.