गाळणीच्या खिडक्या: ठकीच्या डब्याची पावसाळी नोंद

ठकीच्या, म्हणजे मी पाळलेल्या उड्या मारणाऱ्या कोळिणीच्या, डब्याला आता दोन खिडक्या आहेत आणि दोन्हींना चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी आहे. डबा दिवाळीतल्या सुक्यामेव्याचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा, २० सेंटिमीटर उंच, तळ साधारण १२ बाय १२. तो उलटा ठेवलाय, म्हणजे झाकण खाली आणि बूड वर. परदेशी व्हिडिओ बघून ज्यांनी जंपिंग स्पायडर (उड्या मारणारा कोळी, थोडक्यात जंपर) पाळायला घेतलाय आणि सकाळ-संध्याकाळ डब्यात पाण्याचा फवारा मारतायत, त्यांच्यासाठी मुख्यतः ही नोंद. त्या व्हिडिओंमधल्या खोल्या हीटर लावलेल्या, कोरड्या असतात. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असते. त्यांना ओलावा टिकवायचाय, आपल्याला तो बाहेर काढायचाय.

ठकी ही प्लेक्सिपस पायकुली या जातीच्या जंपरची मादी. भांडुपला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात ट्यूबलाइटच्या पट्टीखाली दबा धरून बसायची आणि उजेडावर आलेलं चिलट टिपायची. अंग तपकिरी, डोळ्यांभोवती काळसर, पाठीच्या मधोमध फिकट पट्टा. नर अगदी वेगळा दिसतो, काळाभोर आणि मधून पांढरी रेघ. याच वंशातली प्लेक्सिपस पेटर्सी बरीचशी अशीच दिसते, त्यामुळे जात ठामपणे सांगायची तर मादीचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. तेवढ्यासाठी ठकीला मारायची माझी तयारी नाही. पोटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात गडद ठिपका दिसला की मादी वयात आलेली आहे, हे मात्र डब्याच्या भिंतीतून साध्या भिंगानेही कळतं. ठकीचा तो ठिपका पहिल्या दिवशीच दिसला होता. ते किती महत्त्वाचं होतं, ते पुढे येईलच.

पकडायला काचेचा पेला आणि जाडसर कागद पुरतो. पेला समोरून न्यायचा नाही. हिला आठ डोळे. पुढचे दोन मोठे डोळे बारकावे बघतात आणि बाजूचे हालचाल टिपतात, त्यामुळे मागून आलात तरी कळतंच. फक्त सावकाश आलात तर पळून न जाता ती वळून बघत बसते, तेवढ्यात पेला ठेवायचा. मऊ ब्रशने मागून हलकं ढकललं तर स्वतःहून पेल्यात चढते. उडी मारताना मागे धागा चिकटवलेला असतो, तो ओढून तोडू नका, ती लटकत राहते आणि घाबरते.

जाता जाता एक. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायचं नाही, कोळी तर नाहीच, कायद्याने गुन्हा आहे. घराच्या भिंतीवरचे, जिन्यातले, कुंडीतले जंपर भरपूर आहेत. आणि ओळखीचा नसलेला दिसला तर डब्यात घालण्याआधी नीट फोटो काढून जाणकाराला दाखवा. ठाणे-कल्याण पट्ट्यातून २०२१ मध्ये एक नवीन जंपर नोंदला गेला, इसियस तुकारामी. २६/११ ला कसाबला पकडताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांचं नाव त्याला दिलंय. म्हणजे आपल्या लोकल ट्रेनच्या टप्प्यात अजून न नोंदलेलं काही असू शकतं.

आता डबा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डब्यांना, आणि आपण घरी करतो त्यांनाही, वर झाकणालाच भोकं असतात. त्याने हवा आत जाते पण फिरत नाही. खात्री करायला एकाच मापाचे दोन डबे घेतले. एकाला फक्त वर भोकं पाडली. दुसऱ्याला एका भिंतीत खाली आणि समोरच्या भिंतीत वर, अशी तिरकी दोन भोकं. दोन्हींत ओला कापूस ठेवून रात्रभर तसेच सोडले. कोळी अर्थातच कशातच नव्हता. सकाळी पहिल्या डब्याच्या भिंतींवर दव साचलेलं आणि कापूस तसाच चिंब. दुसऱ्याच्या भिंती कोरड्या. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) दुसऱ्या डब्यात खोलीइतकाच आकडा दाखवत होता. मुंबईच्या पावसाळ्यात याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. खोलीपेक्षा कोरडा डबा होणार नाही, पण खोलीपेक्षा ओला होऊ द्यायचा नाही.

भोकं सोल्डरिंग आयर्नने पाडली. ड्रिलने हे पातळ प्लॅस्टिक तडकतं. धूर घाणेरडा असतो, गॅलरीत बसून करा. जाळीचा प्रश्न मात्र मला बरेच दिवस सुटत नव्हता. मच्छरदाणीची जाळी मोठ्या कोळ्याला चालते, पण पिल्लं त्यातून आरामात निघून जातात. लोखंडी जाळी पावसाळ्यात गंजते. मलमलचं कापड ओलं राहतं आणि त्यावर बुरशी धरते. शेवटी ओट्यावरच्या गाळणीकडे लक्ष गेलं. बारीक, स्टीलची, गोल, आणि कडेला पट्टी आधीच बसवलेली. दांडी कापली, भोक तेवढ्याच मापाचं केलं आणि ग्लू गनने चिकटवली. झटपट चिकटणारा गोंद इथे वापरू नका, त्याची वाफ प्लॅस्टिकवर पांढरी साय धरते आणि मग आतलं काही दिसत नाही. घरातल्या चहाला दोन दिवस जुनी, फाटकी गाळणी वापरावी लागली. त्यावर आईचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

डबा उलटा का, तर जंपर आपलं रेशमी घर नेहमी वरच्या कोपऱ्यात विणतो. झाकण वर असेल तर दर वेळी उघडताना आपण त्याचं घरच फाडतो. झाकण खाली असलं की खालून साफसफाई, खालून खाणं, वर तिचं राज्य. वरची खिडकीसुद्धा छतात नाही, भिंतीत वरच्या बाजूला आहे, ती याचसाठी.

आत माती नाही, शेवाळ नाही, दगड नाहीत. ते सगळं फोटोसाठी ठीक आहे. ओल्या हवेत माती म्हणजे बुरशीला आमंत्रण. तळाशी टिश्यू पेपर, तिरकी टेकवलेली गुलमोहराची एक फांदी, वरच्या कोपऱ्यात कापडी पान, एवढंच. फांदी पावसात पडलेली होती आणि वाळवायला ऊन नव्हतं, म्हणून तव्यावर मंद आचेवर भाजून घेतली. (आईचं मत: वरीलप्रमाणे.) पाणी म्हणजे ड्रॉपरने भिंतीवर एक थेंब, एक दिवसाआड, घराच्या विरुद्ध बाजूला. ती येऊन तोंड लावून पिते, बघण्यासारखं असतं. पोट सुरकुतलेलं दिसलं तर तहान किंवा भूक, तेव्हा रोज थेंब द्यायचा.

उजेडाबद्दल थोडं. जंपर दिवसा, डोळ्यांनी शिकार करतो, त्यामुळे डबा खिडकीजवळ हवा, पण उन्हाचा पट्टा थेट पडता कामा नये, बंद प्लॅस्टिक मिनिटांत तापतं. जुलैतल्या काळोख्या दिवसांत मी वर पांढरी एलईडी पट्टी लावते. रात्री बघता यावं म्हणून लाल दिवा लावणाऱ्यांनी एक प्रयोग वाचावा. २०१२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी हॅसेरियस अदानसोनी या जंपरवर दाखवलं की अंतराचा अंदाज घ्यायला त्याला हिरवा प्रकाश लागतो. नुसत्या लाल प्रकाशात त्याची उडी सावजाच्या अलीकडेच पडते. हा हॅसेरियस जगभर उष्ण भागांत घराघरांत आढळतो, पांढऱ्या मिशांसारख्या स्पर्शपादांचा (तोंडाजवळच्या आखूड अवयवांचा) काळा नर तुम्हीही पाहिला असेल.

खाणं. डास देऊन ठकीचं काही भागत नाही, सगळा जीव पायातच. बाथरूमच्या मोरीतल्या केसाळ माश्या तिला आवडतात. डाळीतले टोके देऊन बघितले, कडक पाठीला दात लागेना, सोडून दिले. सगळ्यात उत्तम म्हणजे रव्यात जाळी करणाऱ्या अळीचं पाखरू. हा कॉर्सिरा, तांदळावरचा पतंग. कृषी विद्यापीठांत ट्रायकोग्रामाची (पिकावरच्या किडींची अंडी मारणाऱ्या बारीक गांधीलमाशीची) कार्डं बनवायला हाच पतंग भरडलेल्या बाजरी-ज्वारीवर मुद्दाम वाढवतात, म्हणजे पद्धत तयार आहे, आपण फक्त बरणीच्या मापात आणायची. रुंद तोंडाची बरणी, तळाशी भरड बाजरी, वर सुती कापड रबराने घट्ट. बरणी स्वयंपाकघरापासून शक्य तितकी लांब, एवढं पथ्य पाळाच. पाखरू पकडलं की फ्रिजमध्ये मिनिटभर ठेवायचं, सुस्त होतं, मग खालच्या झाकणातून सोडायचं. पंखांची भुकटी सांडते, टिश्यू बदलावा लागतो. वाढ झालेल्या मादीला तीन-चार दिवसांतून एक पाखरू पुरतं. पोट फुगून घरंगळायला लागलं तर आठवडाभर काही देऊ नका, उंचावरून पडून पोट फुटण्याची भीती असते.

बाहेरची घरमाशी मी देत नाही, कुठल्या औषधावर बसून आली असेल सांगता येत नाही. तसंही पावसाळ्यात गल्लीत डासांसाठी धूर मारायला माणूस येतो. मशीनचा आवाज आला की डबा आधी कपाटात, मग खिडक्या बंद. घरात लावायचं डासांचं लिक्विड, कॉइल, मुंग्यांचा खडू यांत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात आणि ती कोळ्यालाही तितकीच मारतात. त्यामुळे माझ्या खोलीत आता मशीन बंद आणि मच्छरदाणी सुरू. मुंग्यांसाठी डब्याचं स्टँड पाणी भरलेल्या ताटलीत. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, एका कोळ्यासाठी एवढं? माझ्याकडून ने, माझ्या माळ्यावर दहा आहेत." निरोप पोचता करते आहे, ज्याला हवेत त्याने कळवावं.

जुलैच्या मध्याला ठकीने वरच्या कोपऱ्यात नेहमीपेक्षा जाड, पांढरंशुभ्र घर विणलं आणि खाणं बंद केलं. असं झालं की नवशिके घाबरतात. दोनच शक्यता असतात, कात टाकणं किंवा अंडी. लहान कोळी असेल तर कात, आणि तेव्हा आत जिवंत भक्ष्य अजिबात ठेवू नये, मऊ अंगाच्या कोळ्याला ते इजा करू शकतं. पण वयात आलेली जंपर मादी पुन्हा कात टाकत नाही. पोटावरचा ठिपका दिसलेला होता, म्हणजे अंडीच. बाहेरून पकडलेली मादी बहुधा आधीच नराला भेटलेली असते. टॉर्च तिरका धरल्यावर आत पिवळसर गोळे दिसले.

खरी कसोटी इथे. घरट्यावर बुरशी आली की अंडी गेलीच. म्हणून थेंब घराच्या अगदी लांबच्या खालच्या कोपऱ्यात दिला, टिश्यू रोज बदलला, आणि सलग झड लागली तेव्हा खालच्या खिडकीसमोर कॉम्प्युटरचा जुना छोटा पंखा ठेवला. तोंड डब्याकडे नव्हतं, समोरून आडवी हवा जाईल असं. थेट वारा तिला आवडत नाही, घराचं दार ती बंद करून घेते. ठकी अंड्यांपाशीच बसून होती. मधूनच खाली येऊन थेंब प्यायची आणि परत. एकदा पाखरू सोडलं तर पळवून लावलं, खाल्लं नाही.

तीनेक आठवड्यांनी घरट्यात बारीक हालचाल दिसली. लगेच बाहेर येत नाहीत, आतच आणखी एक कात टाकतात. बाहेर आली तेव्हा दीड-दोन मिलिमीटरची, फिकट, डोळे मात्र पूर्ण काळे. गाळणीच्या जाळीपर्यंत सगळी गेली, पलीकडे एकही गेलं नाही. यावर मी खूश आहे, लपवत नाही.

या जातीच्या एका घरट्यात ३५ ते ६० अंडी असू शकतात. एवढी पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात. म्हणून काही अपवाद सोडून बाकीची जिन्यात, आई सापडली त्याच मजल्यावर, खिडकीच्या कुंड्यांत सोडली. ठेवलेली पार्सलच्या चटणीच्या डब्यांत, प्रत्येकी एक, टाचणीने भोकं पाडून. त्यांना फळमाश्या. पिकून काळं पडलेलं केळं आणि चिमूटभर यीस्ट बाटलीत घालून उघडं ठेवलं की माश्या आपोआप येतात, मग कापूस लावायचा. आपल्या उकाड्यात दहाएक दिवसांत पुढची पिढी तयार. अडचण एकच, या उडतात. न उडणाऱ्या फळमाश्यांचं बियाणं मुंबईत कुणाकडे असेल तर मला हवंय, बदल्यात कॉर्सिराची बरणी देईन.

ठकी आता परत खायला लागली आहे. मादी नराचं बीज साठवून ठेवते, त्यामुळे नर न भेटताही दुसरं घरटं होऊ शकतं. त्याआधी झाकणाला छोटं सरकतं दार करायचंय, पूर्ण झाकण काढताना पिल्लं सांडतात. आणि डिसेंबरात हवा कोरडी पडली की खालची खिडकी अर्धी चिकटपट्टीने बंद करून आकडा किती वर जातो ते बघणार आहे. तोवर थेंब एक दिवसाआडच.