गिओनच्या काळ्या किमोनोतल्या बायका

एप्रिलमध्ये क्योतोला जाणार असाल, तर आधी ‘मियाको ओदोरी’ या गेइशांच्या नृत्यसोहळ्याचं तिकीट काढा, मंदिरं नंतर बघा. एरवी गेइशांची कला ओचायांमध्ये, म्हणजे खाजगी चहागृहांमध्ये, मोजक्या पाहुण्यांपुढेच सादर होते आणि तिथे ओळखीशिवाय पाऊल टाकता येत नाही. या महिन्यात मात्र गिओन कोबू या गेइशांच्या वस्तीतल्या कलावंतिणी स्वतःच्या रंगमंदिरात सगळ्यांसाठी नाचतात.

सम्राटांचा मुक्काम १८६९ मध्ये तोक्योला हलला आणि क्योतोचं कसं होणार, ही चिंता पडली. शहर सावरण्यासाठी प्रदर्शन भरवलं गेलं आणि त्याला जोडून १८७२ मध्ये हा नृत्यसोहळा सुरू झाला. नृत्य बसवलं तिसऱ्या इनोउए याचियो यांनी. आजही इथे त्यांच्याच घराण्याचं नृत्य शिकवतात.

‘मियाको ओदोरी वाऽ’ अशी हाक येते, ‘योई यासा!’ असा प्रतिसाद उमटतो आणि निळ्या किमोनोतल्या नर्तकी दोन्ही बाजूंनी प्रवेश करतात. चेहऱ्यावर भाव जवळपास नाहीत. सगळं काही गुडघ्यांत किंचित वाकून तोललेल्या शरीरात आणि पंख्याच्या एका वळणात. इतका संयम मी कुठल्याच नृत्यात पाहिला नव्हता.

पण माझे डोळे खिळले ते कडेला बसलेल्या, काळ्या किमोनोतल्या स्त्रियांवर. या जिकाता, म्हणजे साथ करणाऱ्या. एका बाजूला गाणाऱ्या आणि शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवणाऱ्या, दुसऱ्या बाजूला ढोल-बासरीवाल्या. यासुद्धा गेइशाच, कित्येक वयस्कर. पंधरा-सोळाव्या वर्षी माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, म्हणून सुरुवात होते, विशीच्या आसपास गेइको होतात (क्योतोत गेइशाला गेइकोच म्हणतात), आणि पुढे निवृत्तीचं वय असं नाहीच. आपल्याकडे ‘गेइशा’ म्हटलं की कुजबुज सुरू होते, तिचा मला मनापासून राग येतो. साठीपुढेही रोज रियाज करणाऱ्या या कलावंतिणींना त्या कुजबुजीत जागाच नाही.

बाहेर हानामिकोजी रस्त्यावर कॅमेरे घेऊन माइकोंचा पाठलाग करणारे पर्यटक दिसतात. त्यांच्या उपद्रवामुळे २०२४ पासून गिओनच्या काही खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या आहेत आणि फलकांवर १०,००० येन दंडाची ताकीद आहे. योग्यच केलं.

नाट्यगृहात कडेची जागा मिळाली तर नाक मुरडू नका. शामिसेनच्या तारेवर आपटणाऱ्या पट्टीचा आवाज तिथूनच नीट ऐकू येतो.