आरक्षणाची वही, केओटी आणि पंगत

माझ्या मावसभावाचे पुण्यात मालवणी जेवणाचे हॉटेल आहे. तेथे नोंदी दोन ठिकाणी होत असत आणि त्या दोन्ही नोंदींची एकमेकींशी ओळख नव्हती. आरक्षणे एका ऑनलाइन सेवेत आणि काही काउंटरवरच्या वहीत, तर केओटी (भटारखान्याला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) आणि बिले पीओएसमध्ये, म्हणजे काउंटरवरच्या बिलिंगच्या संगणक-प्रणालीत. महिनाअखेरीस दादाचा प्रश्न ठरलेला असे: "शनिवारी बुकिंग फुल्ल असते, बाहेर लोक ताटकळत उभे असतात, मग गल्ला तेवढाच का?" डॅशबोर्ड, म्हणजे नोंदींतले आकडे आलेखांसह एका पडद्यावर दाखवणारी मांडणी, करणे हे माझे नोकरीतलेच काम असल्यामुळे दोन रविवारांत हे उरकेल असे समजून मी ते अंगावर घेतले. प्रत्यक्षात चार महिने लागले, आणि त्यांतील आलेख काढण्याचा भाग जेमतेम शेवटच्या आठवड्याचा होता.

दोन्ही याद्या पहिल्यांदा एकत्र केल्या तेव्हा सर्वाधिक आरक्षणे दुपारी अडीचला दिसू लागली. कारण साधे निघाले. ऑनलाइन सेवेतून उतरवलेल्या यादीतील वेळा जागतिक प्रमाणवेळेत होत्या आणि पीओएसमधील वेळा भारतीय प्रमाणवेळेत, त्यामुळे रात्री आठची आरक्षणे साडेपाच तास मागे सरकली होती. ते दुरुस्त करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. मध्यरात्रीनंतर फाडलेले बिल कॅलेंडरप्रमाणे रविवारचे ठरते, पण जेवण शनिवारचेच असते. म्हणून हॉटेलचा दिवस पहाटे चारला संपतो असे ठरवून टाकले.

दुसरी चूक अधिक फसवी होती, कारण तिने वाईट नव्हे तर आनंदाचे चित्र दाखवले. आरक्षणांच्या यादीत सहा जणांची एक ओळ असते आणि केओटीच्या यादीत त्याच टेबलाच्या, प्रत्येक पदार्थाची एक याप्रमाणे, समजा चौदा ओळी असतात. दोन्ही याद्या थेट जोडल्या की सहाचा आकडा चौदा वेळा उमटतो आणि बेरीज मागितली की त्या टेबलावर ८४ माणसे जेवून गेलेली दिसतात. डॅशबोर्डची साधने अशी जोडणी करताना कुरकुर करत नाहीत. ती निमूटपणे बेरीज करून मोकळी होतात. आकडे वाढलेले असले की ते तपासावेत असे कोणाला सुचत नाही, हा माझा नोकरीतलाही अनुभव आहे.

त्यानंतर मी साधन बाजूला ठेवून कागदावर एकच प्रश्न लिहिला: या तक्त्यातील एक ओळ म्हणजे नेमके काय? आरक्षण म्हणावे, तर न येणाऱ्यांचीही ओळ होते आणि आरक्षण न करता आलेल्यांची होत नाही. बिल म्हणावे, तर एकाच टेबलावरच्या मित्रांनी दोन बिले मागितली की एका जेवणाच्या दोन ओळी होतात. केओटी तर त्याहून लहान तुकडा. उत्तर आपल्या लग्नकार्यांत केव्हापासून रुळलेले आहे: पंगत. एका ठिकाणी काही माणसे बसली, जेवली आणि उठली, ही झाली एक पंगत. पहिली पंगत केव्हा उठली, दुसरी केव्हा बसली, तिला किती पाने मांडली, हे वाढप्यांना न लिहिता माहीत असते. मी तक्त्याची ओळ पंगतीची केली आणि आरक्षण, केओटी व बिल या तिन्ही गोष्टी तिला टांगल्या. पदार्थांची बेरीज आधी पंगतीपुरती करायची आणि मगच जोडणी करायची, एवढ्या नियमाने ८४ माणसे पुन्हा सहा झाली.

कोणते आरक्षण कोणत्या पंगतीचे, हे ठरवणे मात्र कटकटीचे होते. मोबाइल क्रमांक जुळेल असे वाटते, पण आरक्षण मुलीच्या क्रमांकावर असते आणि बिलावर वडिलांचा क्रमांक येतो, किंवा कोणाचाच येत नाही. टेबलाचा क्रमांकही भरवशाचा नाही. सात आणि आठ क्रमांकाची टेबले जोडली की आरक्षण सातवर राहते आणि केओटी आठवर फुटते. अखेर मी असा नियम केला, की मोबाइल क्रमांक जुळला तर प्रश्नच नाही; न जुळल्यास त्या टेबलावरची किंवा जोडलेल्या टेबलावरची पहिली केओटी आरक्षणाच्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधीपासून पाऊण तास नंतरपर्यंत पडली असेल, तर ती पंगत त्या आरक्षणाची मानायची. ज्यांची जोडी लागत नाही त्यांना गाळायचे मात्र नाही. केओटी नसलेले आरक्षण म्हणजे नो-शो आणि आरक्षण नसलेली केओटी म्हणजे वॉक-इन. दोन्हीकडे असलेल्याच ओळी ठेवल्या असत्या, तर दादाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच फेकले गेले असते.

मोठ्या कंपन्यांनाही ही अडचण चुकलेली नाही. जपानमधील रिक्रूट कंपनीने २०१७ च्या अखेरीस कॅगल या, आकडेवारीच्या विश्लेषणाच्या स्पर्धा भरवणाऱ्या संकेतस्थळावर एक स्पर्धा ठेवली होती. उपाहारगृहांत येणाऱ्या ग्राहकांची संख्या आधीच वर्तवायची, हे तिचे उद्दिष्ट होते. त्यासाठी कंपनीने स्वतःच्याच दोन व्यवस्थांची माहिती दिली: हॉट पेपर गुरमे ही आरक्षणाची आणि एअर ही आरक्षण व गल्ल्याची. ग्राहकसंख्या ८२९ उपाहारगृहांची होती, पण एका व्यवस्थेतील क्रमांक म्हणजे दुसऱ्या व्यवस्थेतील कोणते दुकान, हे सांगणाऱ्या वेगळ्या तक्त्यात जोड्या फक्त १५० होत्या. ते वाचून मला दिलासा मिळाला हे कबूल करते.

आमच्याकडे सर्वांत मोठे भोक बसण्याच्या वेळेत होते. पाहुणे बसताच टॅबवर तशी खूण करायची, असे ऑनलाइन सेवेला अपेक्षित असते, पण गर्दीत कोणीही ती करत नाही. साडेदहाला हात मोकळे झाले की सगळ्या खुणा एका दमात होतात आणि तीस टेबले एकाच मिनिटाला बसल्याची नोंद होते. माणसांच्या संख्येचेही तेच: पीओएसमध्ये पॅक्सचा रकाना असतो, पण तो बहुतेक वेळा जसाच्या तसा एकवर सोडलेला असतो. मी दोन आठवडे सूचना देऊन पाहिल्या. शेवटी तेथील वयस्कर कॅप्टनने मला बाजूला घेऊन सांगितले, "ताई, माणूस बसला की आधी पाणी लागतं. पाण्याची केओटी करा, आपोआप लिहिलं जाईल." मग पीओएसमध्ये ‘साधे पाणी’ नावाचा शून्य रुपयांचा पदार्थ उघडला. जितकी माणसे तितके पेले. या एका नोंदीतून बसण्याची वेळ आणि माणसांची संख्या दोन्ही मिळू लागल्या. डॅशबोर्डमधली मला सर्वाधिक आवडणारी गोष्ट हीच आहे आणि ती मी केलेली नाही.

मोजमापासाठी मी कॉर्नेल विद्यापीठातील शेरिल किम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली कल्पना घेतली: उपलब्ध असलेल्या प्रत्येक खुर्चीमागे, प्रत्येक तासाला किती उत्पन्न झाले. समजा, चार खुर्च्यांच्या टेबलावर दोघे जण दोन तास बसले आणि बिल १,६०० रुपये झाले. चार खुर्च्या दोन तास अडल्या, म्हणजे आठ खुर्ची-तास, म्हणून तासाला खुर्चीमागे २०० रुपये. त्याच टेबलावर चौघे सव्वा तासात २,५०० रुपयांचे जेवून उठले, तर पाच खुर्ची-तासांत प्रत्येकी ५०० रुपये. बिलांची सरासरी काढली तर दरडोई पहिली जोडी अधिक खर्च करणारी ठरते. खुर्ची किती वेळ अडली हे कळल्यावर चित्र उलटते.

शनिवारच्या कोड्याचे उत्तर दोन पट्ट्या एकाखाली एक ठेवल्यावर दिसले. वरच्या पट्टीत अर्ध्या अर्ध्या तासाने बसणारी माणसे, खालच्या पट्टीत केओटी पडल्यापासून ती पूर्ण होईपर्यंतची मिनिटे. जो मागेल त्याला आठचे आरक्षण दिले जात होते. त्यामुळे साडेसातपासून टेबले राखून रिकामी, आठ-सव्वाआठला सगळी केओटी भटारखान्यावर एकदम, मग सुरमई यायला उशीर आणि पहिली पंगत उठायला पावणेदहा. बाहेरची रांग खरी होती, बुकिंगही फुल्ल होते, पण रात्रीत पंगत एकच होत होती. आता साडेसात, आठ आणि साडेआठ अशी आरक्षणे वाटून दिली जातात आणि चौघांची दोन टेबले काढून तेथे दोघांची टेबले मांडली आहेत. दुसरी पंगत सव्वानऊच्या सुमारास बसते.

एक धडा मला दादाने दिला. २०२५ च्या जुलैअखेरीस पडद्यावर, गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करणारा बाण लालभडक होऊन खाली वळला. मी धास्तावून फोन केला तर तो हसत म्हणाला, "अगं, श्रावण लागला." २०२४ मध्ये श्रावण ५ ऑगस्टला सुरू झाला होता, म्हणजे जुलैचा अखेरचा आठवडा गटारीच्या तयारीचा होता, २०२५ मध्ये तो २५ जुलैलाच लागला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तो १३ ऑगस्टपर्यंत पुढे जातो. मासळीच्या हॉटेलात इंग्रजी तारखांची तुलना करणे हा माझा अडाणीपणा होता. आता तारखांच्या तक्त्यात मास, तिथी आणि वार असे तीन रकाने वाढवले आहेत आणि तुलना श्रावणाची श्रावणाशी, संकष्टीची संकष्टीशी होते.

ग्राहकांची नावे आणि मोबाइल क्रमांक मी पडद्यावर येऊ दिलेले नाहीत. जोडी लागली की क्रमांकाच्या जागी एक निरर्थक खूण राहते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आहेच, पण तो नसता तरी कोण कोणाबरोबर किती वेळा जेवायला येते, हे काउंटरवरच्या पडद्यावर झळकावे असे मला वाटले नसते.

दादा रोज सकाळी पडदा पाहतो. भटारखान्यात लावलेला पडदा मात्र टिकला नाही. तेलकट बोटांनी आठवड्यात त्याची वाट लागली. तेथील मुख्य आचाऱ्याला आलेखांत रस नव्हता, त्याला संध्याकाळी एकच आकडा हवा होता: सुरमईच्या किती तुकड्या मुरवायला लावायच्या? सहा जणांची पंगत शुक्रवारी साधारण किती थाळ्या आणि किती सुट्या तुकड्या मागवते हे जुन्या केओटीत आहे, आणि आज अशा किती पंगती येणार हे आरक्षणांत. त्यात त्या वाराचे वॉक-इन मिळवले की आकडा तयार होतो. तो रोज सायंकाळी पाच वाजता बिलाच्या छपाईयंत्रातून चिठ्ठीवर निघतो आणि फ्रीजरच्या दारावर चिकटवला जातो. त्याखाली आचारी पेन्सिलीने स्वतःचा अंदाज लिहितो, आणि आतापर्यंत त्याचा आकडा माझ्यापेक्षा अधिक वेळा बरोबर आला आहे. त्या चिठ्ठ्या मी जमवून ठेवते आहे; पुढचा रकाना त्यांचाच असणार आहे.