ओलं तूस आणि कोंबडीची चोच

आज सकाळपासून रत्नागिरीत पावसाची झड थांबलेली नाही. अशा दिवशी कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरताच नाकाला झोंबणारा वास आला, म्हणजे खाली अंथरलेलं तूस (भाताची टरफलं) ओलं झालंय. मूठभर घेऊन घट्ट दाबायचं. गोळा झाला तर ओल जास्त. ढेकळं काढून कोरडं तूस घालायचं, चार इंचांचा थर राखायचा, रोज खालीवर करायचा. नाहीतर अमोनियाने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, तळव्यांना जखमा होतात. शिवाय थर गच्च झाला की उकरता येत नाही, मग तीच चोच शेजारणीच्या पिसांवर चालते. शेपटीच्या बुडाशी उघडी लाल कातडी दिसली की समजायचं, पिसं टोचणं सुरू झालं!

पिंजऱ्यात विष्ठा जाळीतून खाली पडते, म्हणून जंत कमी, हे खरं. पण पंख पसरायला, धुळीत लोळायला जागा नाही आणि हालचालीविना हाडं ठिसूळ होतात. युरोपियन युनियनने २०१२ पासून साधे (दांडी, खोका नसलेले) पिंजरे बंद केलेत. मला मोकळी शेडच पटते, मेहनतीसकट.

बसायच्या दांडीवर प्रत्येकीला १५ सेंटीमीटर जागा, पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक अंधारा खोका. खोके कमी पडले की अंडी तुसात. आणि झाप (माडाच्या पानांचा विणलेला आडोसा) पावसाच्या बाजूलाच बांधा, वरचा हातभर भाग उघडा ठेवून. वारा अडला की ओल परत आलीच.